परिसराचे कलाजीवन घडवणाऱ्यांचा सन्मान : निवड, मानपत्र, समारंभ आणि नंतरची नोंद

एखाद्या परिसरातील कलाजीवन ज्यांच्या बळावर उभे असते, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कार्यक्रमाच्या फलकावर कधीच येत नाहीत. कोणीतरी तालमीला जागा मिळवून देते, कोणी रात्री जागून वेशभूषा शिवते, कोणी वाद्ये दुरुस्त करते, कोणी फी न घेता नवशिक्यांना शिकवते, कोणी विस्मरणात चाललेली गाणी वहीत उतरवून ठेवते. आणि या सगळ्यांच्या कष्टांवर रंगमंचावरचा प्रयोग उभा राहतो. अशा व्यक्तींचा सन्मान करावा असे अनेक मंडळांना, ग्रंथालयांना आणि कलासंस्थांना मनापासून वाटते. मात्र प्रत्यक्षात ती इच्छा पुष्कळदा एका संध्याकाळच्या समारंभात आटोपते आणि सत्कारमूर्तींनी नेमके काय केले, हे सभागृहातून बाहेर पडणाऱ्या श्रोत्यांना सांगता येत नाही. त्या व्यक्तीचे काम बारकाईने जाणून घेणे आणि ते तितक्याच बारकाईने सर्वांसमोर मांडणे हा सन्मानाचा गाभा आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात समारंभापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला अधिक जागा दिली आहे.

हेतू आधी ठरवावा

सन्मान करायचा हे ठरल्यावर पहिली बैठक नावांवर घेऊ नये, हेतूवर घ्यावी. दीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करणे, एखादी कला पुढच्या पिढीकडे जावी यासाठी तिच्या जाणकाराला बळ देणे, तरुण कलावंताला योग्य वेळी उत्तेजन देणे आणि दिवंगत व्यक्तीची स्मृती जपणे हे चार वेगवेगळे हेतू आहेत आणि प्रत्येकासाठी सन्मानाचे रूपही वेगळे असावे लागते.

मोठ्या पातळीवरील काही योजना पाहिल्या तर हा फरक चटकन लक्षात येतो. जपानने १९५० मध्ये सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी कायदा केला आणि त्यातूनच पारंपरिक कला व कारागिरीतील श्रेष्ठ जाणकारांना अधिकृत मान्यता देण्याची पद्धत रूढ झाली. लोक अशा व्यक्तींना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात. त्यांना सरकारकडून दरवर्षी अनुदान मिळते, आणि त्यांनी कौशल्य टिकवावे व शिष्य घडवावेत ही त्यामागची अपेक्षा असते. दक्षिण कोरियाने १९६२ च्या कायद्याने अशीच वाट धरली. पुढे १९९३ मध्ये कोरियाच्याच प्रस्तावावरून युनेस्कोने सदस्य देशांना अशा व्यवस्था उभारण्याचे आवाहन केले आणि २००३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. या सगळ्या परंपरेत सन्मानाचा रोख पुढच्या पिढीकडे आहे. भारतात संगीत नाटक अकादमीने २००६ मध्ये उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार सुरू केला तो चाळीस वर्षांपर्यंतच्या कलावंतांसाठी, म्हणजे उत्तेजनासाठी. आणि त्याच अकादमीने दिलेले अमृत पुरस्कार पंचाहत्तरी ओलांडलेल्या, पण तोवर राष्ट्रीय सन्मानापासून दूर राहिलेल्या कलावंतांसाठी होते. एकाच संस्थेने दोन हेतू वेगळे ओळखले आणि त्यांसाठी दोन वेगळे सन्मान ठेवले. स्थानिक संस्थेची ऐपत लहान असली तरी तिने एवढी स्पष्टता ठेवायला हरकत नसावी. एका वर्षी एकच हेतू धरला तरी चालतो. सगळे हेतू एका समारंभात कोंबले की कोणताच नीट साधत नाही.

दडलेली नावे शोधण्याची रीत

नावे मागवली की आधी तीच येतात, जी सर्वांना ठाऊक असतात. गायक, नट, लेखक, नर्तक यांचा सन्मान अवश्य व्हावा. परंतु शोध तिथेच थांबला तर सन्मान प्रसिद्धीच्या मागे चालत राहतो. अमेरिकेतील नॅशनल एन्डॉवमेंट फॉर द आर्ट्स ही संस्था १९८२ पासून लोककला आणि पारंपरिक कलांमधील श्रेष्ठ कलावंतांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप देते. २००० पासून तिने त्यात बेस लोमॅक्स हॉज यांच्या नावाने एक वेगळा सन्मान ठेवला आहे. संग्राहक, शिक्षक, अभ्यासक, आयोजक अशा, स्वतः रंगमंचावर असोत वा नसोत, पण वारसा जपण्याचे आणि तो लोकांपर्यंत नेण्याचे काम करणाऱ्यांसाठी तो आहे. पडद्यामागच्या लोकांसाठी जागा मुद्दाम राखून ठेवावी लागते, ती आपोआप राहत नाही, हे या तरतुदीतून शिकण्यासारखे आहे.

शोधाची सुरुवात जुन्या कार्यक्रमपत्रिकांपासून करावी. पत्रिकेच्या मागच्या बाजूला, बारीक टायपात, ‘नेपथ्य साहाय्य’, ‘रंगभूषा’, ‘ध्वनी’, ‘विशेष आभार’ अशा ओळी असतात. पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका टेबलावर मांडून त्या ओळी एका वहीत उतरवल्या, की काही नावे पुन्हा पुन्हा समोर येतात. संस्था बदलते, नाटक बदलते, दिग्दर्शक बदलतो, पण प्रकाशयोजनेपुढचे नाव तेच राहते. अशा नावापाशी थांबून चौकशी करावी. त्यानंतर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडे जावे आणि ‘सन्मानास योग्य कोण?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर शिष्टाचाराने दिले जाते. ‘प्रयोगाच्या आदल्या दिवशी काही बिघडले तर तुम्ही कोणाला फोन करता?’, ‘तुम्हाला पहिल्यांदा वाद्य हातात कोणी दिले?’, ‘जुन्या चालीबद्दल शंका आली तर कोणाला विचारता?’ असे प्रश्न विचारावेत. या प्रश्नांना माणसे थेट नावे सांगतात.

काही माणसे या चाळणीतूनही निसटतात. घरातल्या घरात शिकवणाऱ्या स्त्रिया, अल्पसंख्य भाषा बोलणारे, दुसरीकडून येऊन स्थायिक झालेले कलावंत आणि ज्यांच्या कलेला ‘कला’ म्हणण्याची सवयच कोणाला लागलेली नाही असे कारागीर यांच्यापर्यंत संस्थेचे निवेदन पोहोचत नाही. त्यांच्या वस्तीत, त्यांच्या भाषेत, त्यांच्या ओळखीच्या माणसाबरोबर जाणे हाच त्यावर उपाय आहे. मला हे काम संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत मोलाचे वाटते, आणि समितीला वेळ कमी पडत असेल तर तो समारंभाच्या तयारीतून काढून इथे द्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

शिफारस, निकष आणि समिती

शिफारशीचा अर्ज साधा असावा. व्यक्तीचे नाव, कामाचे स्वरूप, ते किती काळ चालले, त्याचा लाभ कोणाला झाला आणि याची माहिती देऊ शकतील अशा दोघांची नावे, एवढे पुरेसे आहे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांना तोंडी शिफारस करण्याची मुभा द्यावी आणि कार्यकर्त्याने ती त्यांच्यासमोर उतरवून घ्यावी. कलावंतालाच कात्रणे, छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे यांची फाइल तयार करायला सांगणे ही प्रथा बंद करावी. ती अवमानकारक तर आहेच, शिवाय जे फाइल करण्यात तरबेज असतात तेच तीत पुढे जातात. पुरावा गोळा करणे हे सन्मान देणाऱ्याचे काम आहे.

निकष नावे येण्यापूर्वी लिहून काढावेत आणि जाहीर करावेत. कामाचा काळ, कामाचा दर्जा, इतरांवर झालेला परिणाम आणि परिसराशी असलेले नाते हे चार निकष बहुतेक ठिकाणी पुरतात. ‘परिसर’ म्हणजे नक्की कुठवर, तेथे जन्मलेले पण इतरत्र गेलेले धरायचे की नाही, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा विचार करायचा की नाही, या प्रश्नांची उत्तरेही तेव्हाच द्यावीत. विद्यमान पदाधिकाऱ्यांना आणि त्यांच्या निकटच्या नातेवाइकांना वगळावे, हे उत्तम. हे मागाहून ठरवले तर ते कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून ठरवले, असा संशय राहतोच.

निवड समिती पाच किंवा सात जणांची असावी. तिच्यात निरनिराळ्या कलाप्रकारांची जाण असलेली माणसे, किमान एक तरुण सदस्य आणि पूर्वी सन्मानित झालेली एखादी व्यक्ती असावी. सदस्यांची मुदत ठरलेली असावी. ज्या नावाशी सदस्याचे नाते, व्यवहार किंवा गुरुशिष्य संबंध असेल, त्या नावाच्या चर्चेच्या वेळी त्याने बाहेर जावे आणि तसे इतिवृत्तात नोंदवावे. देणगीदाराला समितीत जागा देऊ नये. निवड न झालेल्या चांगल्या शिफारशी पुढील दोन-तीन वर्षे आपोआप विचारात राहतील अशी तरतूद करावी; म्हणजे त्याच व्यक्तीसाठी कोणाला दरवर्षी नव्याने धावपळ करावी लागत नाही.

एका वर्षी किती जणांचा सन्मान करावा, हा प्रश्न नेहमी येतो. तिघांपेक्षा अधिक नको, असे माझे मत आहे. यादी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला नावाचा उच्चार आणि एक छायाचित्र एवढेच येते.

जाहीर करण्याआधी विचारावे

निवड झाल्यावर समितीतील दोघांनी त्या व्यक्तीकडे जाऊन संमती घ्यावी. निमंत्रणपत्रिका छापून झाल्यावर कळवणे योग्य नाही. काहींना मोठी सभा नको असते, काहींना आपल्यासोबत काम केलेल्या सहकाऱ्याशिवाय एकट्याने सन्मान घेणे रुचत नाही, काहींना प्रकृतीमुळे प्रवास झेपत नाही आणि काही जण नम्रपणे नकार देतात. नकार आला तर तो आनंदाने स्वीकारावा, आग्रह करू नये आणि त्याची वाच्यताही करू नये. होकार आला तर नाव कसे लिहितात व कसे उच्चारतात, वय सांगितलेले चालेल का, कौटुंबिक माहिती द्यायची की नाही, घरच्या आणि कलेतल्या कोणाकोणाला निमंत्रण द्यायचे, हे त्याच भेटीत टिपून घ्यावे. ऐकू कमी येणे, पायऱ्या न चढता येणे, रात्री दिसण्याचा त्रास असणे यांची चौकशी मोकळेपणाने आणि अदबीने करावी.

मानपत्र

मानपत्र हा या सन्मानाचा टिकणारा भाग आहे. सन्मानचिन्ह कपाटात जाते, फुले सुकतात, भाषणे हवेत विरतात. लिहिलेला मजकूर मात्र नातवंडे वाचतात आणि पुढे कोणी अभ्यासक त्याचा आधारही घेतो. तरीही मानपत्र शेवटच्या दोन दिवसांत, जुन्या नमुन्यात नाव बदलून तयार केले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नमुना म्हणून एक वाक्य घेऊ. ‘आपण कलेच्या क्षेत्रात अतुलनीय योगदान देऊन समाजासमोर आदर्श निर्माण केला आहे.’ हे वाक्य कोणालाही लागू पडते, म्हणून ते कोणाचेच नसते. समजा, सन्मान नाट्यमंडळाच्या वेशभूषाकार बाईंचा आहे. त्यांच्याकडे बसून, त्यांची शिलाईची वही पाहून, दोन दिग्दर्शकांशी आणि एका नटाशी बोलून लिहिले, तर तेच मानपत्र असे होऊ शकते : ‘आपण सव्वीस वर्षे मंडळाच्या प्रत्येक नाटकाची वेशभूषा शिवली. जुन्या पोशाखांची शिवण उसवून तेच कापड नव्या नाटकासाठी वापरण्याची आपली पद्धत मंडळाला हलाखीच्या काळात तारून गेली. अंधारात झटपट पोशाख बदलता यावा म्हणून आपण बंदांच्या जागी बसवलेल्या पट्ट्या आज इतर मंडळेही वापरतात. आपल्याकडे शिकलेल्या चौघी आज स्वतंत्रपणे हे काम करतात.’ यात स्तुतीचे एकही विशेषण नाही, तरी ऐकणाऱ्याला त्या बाईंचे मोठेपण कळते, आणि स्वतः त्यांना आपले काम कोणीतरी खरोखर पाहिले होते याचे समाधान मिळते.

असा मजकूर लिहिण्यासाठी सन्मानित व्यक्तीशी किमान एक निवांत मुलाखत लागते. ‘आपल्या कार्याबद्दल सांगा’ असे म्हटले की माणूस संकोचतो. त्यापेक्षा कामाची हत्यारे, वह्या, जुनी छायाचित्रे, वाद्य किंवा साचे समोर ठेवायला सांगावे आणि एकेक वस्तू हातात घेऊन तिच्याबद्दल विचारावे. वस्तूवरून प्रसंग आठवतो, प्रसंगावरून माणसे आठवतात आणि माणसांवरून वर्षे जुळतात. प्रत्येक महत्त्वाचे विधान दुसऱ्या एखाद्या स्रोताशी, म्हणजे कार्यक्रमपत्रिका, वृत्तपत्र, संस्थेचे दप्तर किंवा समकालीन व्यक्ती यांच्याशी ताडून पाहावे. ‘पहिले’, ‘एकमेव’, ‘सर्वांत जुने’ हे शब्द पुरावा हाती असल्याशिवाय लिहू नयेत. ते खोटे ठरले तर सन्मानित व्यक्तीलाच खाली पाहावे लागते. सहकाऱ्यांची आणि गुरूंची नावे मजकुरात यावीत. लांबी अडीचशे ते तीनशे शब्दांची असावी, म्हणजे तो दोन-तीन मिनिटांत सावकाश वाचून होतो. मसुदा त्या व्यक्तीला आधी वाचून दाखवावा आणि तिने सुचवलेल्या दुरुस्त्या विनातक्रार कराव्यात.

काय द्यावे

सन्मानाचे रूप त्या व्यक्तीच्या गरजेशी आणि कामाशी जुळावे. रोख रक्कम देणे संस्थेला शक्य असेल तर ती अवश्य द्यावी, विनाअट द्यावी आणि त्याच दिवशी हाती किंवा खात्यात पोहोचेल याची काळजी घ्यावी. मंचावर रिकामे पाकीट देऊन रक्कम पुढे महिनोन्‌महिने रखडवणे ही गंभीर चूक आहे. रक्कम देणे शक्य नसेल तर शिष्यांच्या शिकवणीचा वर्षभराचा खर्च उचलणे, वाद्याची दुरुस्ती करून देणे, हस्तलिखिताचे टंकलेखन करून देणे, त्यांच्या रचनांचे चांगले ध्वनिमुद्रण करणे, तालमीच्या खोलीला त्यांचे नाव देणे, त्यांच्या नावाने वार्षिक कार्यशाळा सुरू करणे असे अनेक पर्याय आहेत, आणि यांपैकी काहींचा उपयोग महागड्या सन्मानचिन्हापेक्षा कितीतरी अधिक होतो. सन्मानित कलावंताकडून त्याच समारंभात फुकट सादरीकरण करवून घेऊ नये. त्यांनी स्वतःहून इच्छा दाखवली तर वेगळी गोष्ट. अन्यथा सादरीकरण ठेवायचे असेल तर ते त्यांच्या शिष्यांचे ठेवावे आणि त्याचे मानधन द्यावे.

समारंभ

समारंभाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण वरील कामे झाली असतील तर तो सोपा असतो. कार्यक्रम दीड तासात संपावा आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ सन्मानित व्यक्तींच्या वाट्याला यावा. प्रमुख पाहुणे एकच असावेत, त्यांना मानपत्राचा मसुदा आधी पाठवावा आणि भाषण सन्मानितांच्या कामाविषयीच असावे, अशी विनंती लेखी करावी. मंचावरच्या मधल्या खुर्च्या सन्मानितांच्या असाव्यात. मानपत्र चांगल्या वाचकाने वाचावे आणि ते आधी दोनदा मोठ्याने वाचून पाहावे. सन्मानितांना बोलायला वेळ द्यावा. भाषणाची सवय नसेल तर त्यांच्या ओळखीच्या माणसाने तीन-चार प्रश्न विचारून संवाद साधावा. जाण्यायेण्याची व्यवस्था, मंचाकडे जाणारा उतार किंवा आधार, पाणी, बसण्याची सोय आणि योग्य उंचीचा माइक यांची जबाबदारी एकाच कार्यकर्त्याकडे असावी आणि त्याला त्या संध्याकाळी दुसरे काहीही काम देऊ नये.

नोंद आणि जतन

मुलाखतीचे ध्वनिमुद्रण, मानपत्र, छायाचित्रे आणि तपासलेली कागदपत्रे यांची एक फाइल करून ती स्थानिक ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवावी. छायाचित्रामागे, किंवा डिजिटल प्रत असल्यास फाइलच्या नावात, तारीख, स्थळ आणि त्यातील व्यक्तींची नावे लिहावीत, कारण नावे नसलेले छायाचित्र एका पिढीनंतर निरुपयोगी होते. ध्वनिमुद्रणासाठी लेखी संमती घ्यावी आणि त्यातला कोणता भाग सर्वांसाठी खुला, कोणता नाही, हे तिच्यात स्पष्ट करावे. कलेतील काही गोष्टी केवळ शिष्यांसाठीच राखलेल्या असतात आणि त्या तशाच राहण्याचा अधिकार कलावंताचा आहे. मूळ मुद्रणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि एक प्रत कुटुंबाला द्यावी.

दिवंगत व्यक्तींसाठी स्मृतिफलक हा उत्तम मार्ग आहे. लंडनमध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने ही योजना १८६६ मध्ये सुरू केली आणि १८६७ मध्ये पहिला फलक कवी बायरन यांच्या जन्मस्थानी लावला. पुढे ते घरच पाडले गेले आणि फलकही गेला. आज तेथील निळ्या फलकांची योजना इंग्लिश हेरिटेज ही संस्था चालवते, नावे सर्वसामान्य नागरिक सुचवतात आणि मृत्यूला किमान वीस वर्षे होऊन गेलेली असावी लागतात. घाईचा निर्णय टाळण्यासाठी हा नियम चांगला आहे, आणि तो मरणोत्तर सन्मानापुरताच ठेवावा. हयात असलेल्या वृद्ध कलावंताच्या बाबतीत एक वर्षाचा विलंबसुद्धा परवडत नाही. फलकावर नाव, जन्म-मृत्यूची वर्षे, कामाचे स्वरूप आणि त्या जागेशी असलेले नाते एवढाच मजकूर असावा. घरमालकाची आणि कुटुंबाची संमती घ्यावी, देणगीदाराचे नाव फलकावर टाकू नये, आणि फलक कधीतरी हटेल हे गृहीत धरून त्याचा मजकूर, जागा व छायाचित्र ग्रंथालयातील त्याच फाइलमध्ये ठेवावे.

समारंभानंतर महिन्याभरात दोन कामे पूर्ण करावीत. ज्यांनी शिफारशी पाठवल्या पण ज्यांनी सुचवलेली नावे निवडली गेली नाहीत, अशा प्रत्येकाला पत्र लिहून त्यांची शिफारस पुढील वर्षाच्या विचारात आहे हे कळवावे आणि तीत कोणती माहिती अपुरी पडली हेही सांगावे; आणि सन्मानित व्यक्तींची पुन्हा भेट घेऊन, मुलाखतीत सांगायचे राहून गेलेले काही आठवले असेल तर ते मुद्रित करून घ्यावे. समारंभानंतर जुने सहकारी, विद्यार्थी आणि नातेवाईक त्यांना भेटून गेलेले असतात, त्यामुळे या दुसऱ्या भेटीत पहिल्यापेक्षा अधिक नावे आणि अधिक तपशील हाती येतात, आणि पुढच्या वर्षीच्या शोधासाठीची यादीही तेथूनच सुरू करता येते.